आईच्या रेशनकार्डाचं केवायसी : फोन लागत नाही, अंगठा उमटत नाही, काय करावं?

वैदेही_माणगंगा
मंडळी, अडचणीत आहे म्हणून धागा काढतेय. मी पुण्यात असते. आई (वय ७४) खानापूर तालुक्यातल्या गावी एकटी असते. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, त्यावर पाच नावं : आई, भाऊ, वहिनी आणि दोन भाचे. भाऊ गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात कोईमतूरला आहे. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईला परमुलखात असतोच, ठाऊक असेल तुम्हाला.

गेल्या महिन्यात दुकानदाराने आईला सांगितलं की एकाचंही केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेलं नाही, ते झालं नाही तर नावं बंद होतील. मी रविवारी गावी गेले आणि तिला दुकानात घेऊन गेले. मशीनवर उजवा अंगठा, मग तर्जनी, मग पुन्हा अंगठा. दुकानदाराने टॉवेलच्या टोकाने काच पुसली, आईने पदराला हात पुसले, तरी दर वेळी लाल अक्षरं. चाळीस वर्षं खुरपं आणि ऊसतोडीचा कोयता धरलेला हात आहे तो. रेषा राहिल्यात कुठे? ती हात उलटसुलट करून बघत म्हणाली, "झिजली गं बोटं, मशीनला माझी वळख पटंना."

घरी येऊन मोबाईलवर करू म्हटलं, तर आधारला वडिलांचा जुना नंबर जोडलेला. वडील जाऊन सहा वर्षं झाली, ते सिम कधीच बंद पडलं. ओटीपी येणार कुठे?

मग फोन. दुकानातल्या फळ्यावरचा नंबर तीन दिवस लावला. एकदा 'हा क्रमांक अस्तित्वात नाही', नंतर दुसऱ्या एका ऑफिसच्या नंबरवर नुसती रिंग. एकदा उचलला, मी "नमस्कार" म्हणेपर्यंत कट झाला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून फोन करते, कारण वेळ तेवढाच मिळतो.

आईला दर वेळी गावावरून तालुक्याला नेणं जमण्यासारखं नाही. फोनवरून हे काम मार्गी लागतं का? कुणी केलंय का?

नाना_सिन्नर
फळ्यावरचे नंबर जुने असतात. राज्याची हेल्पलाईन १९६७ आहे, आणि १८००२२४९५० हा टोल फ्री. माझा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला लागला. कार्डावरचा बारा आकडी आरसी नंबर जवळ ठेवा, पहिलं तेच विचारतात. तक्रार नोंदवली तर तिचा नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा.

तांबडं_फुटलं
+१. सोमवार टाळा. महिन्याचा पहिला आठवडाही टाळा.

दुकानदार_खानदेश
ताई, मी स्वतः रेशन दुकानदार आहे, जळगाव जिल्ह्यात. सविस्तर लिहितो.

एक : फक्त अंगठा आणि तर्जनीवर थांबू नका. दहाही बोटं लावून बघा. शेतात राबणाऱ्या माणसाचा उजवा हात जास्त झिजलेला असतो. आमच्या इथे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं काम डाव्या हाताच्या करंगळीने नाहीतर तिच्या शेजारच्या बोटाने होतं. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. बोट जोरात दाबू नका, नुसतं टेकवा. माणूस घाबरून दाबतो आणि ठसा पसरतो.

दोन : काही दुकानांत डोळ्यांचं स्कॅनर असतं. ते असेल तर बोटांची गरजच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर कधी कधी अडतं.

तीन : भावाला गावी बोलावू नका. कार्ड महाराष्ट्राचं असलं तरी 'एक देश एक रेशनकार्ड'खाली देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात केवायसी करता यावं, अशी सोय आहे. त्याहून सोपं म्हणजे 'मेरा ई-केवायसी' ॲप. त्याच्या जोडीला आधारचं 'फेस आरडी' ॲप घ्यावं लागतं. राज्य महाराष्ट्र निवडायचं, आधार नंबर, ओटीपी, कॅप्चा, मग कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करायची. प्रत्येक माणसाचं वेगळं.

लोकांना वाटतं नावं आम्ही बंद करतो. आमच्या मशीनवर यादी जशी येते तशी येते. ज्याचं नाव दिसत नाही त्याला परत पाठवताना मला काय वाटतं ते मलाच माहीत. त्यातली कितीतरी माणसं माझ्या वडिलांच्या वेळेपासून दुकानात येतात.

वैदेही_माणगंगा
दादा, मनापासून आभार. बाकीची बोटं लावून बघायचं कुणाला सुचलंच नाही. पण ॲपलाही ओटीपी लागतोच ना? आईचं घोडं तिथेच अडलंय.

प्रांजळ_मत
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. केवायसी व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. आमच्या वाडीत मेलेल्या माणसांच्या नावावर धान्य उचललं गेलंय, लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या मुलींची नावं माहेरच्या कार्डावर आणि सासरच्याही. राज्याला अन्नसुरक्षेचा इष्टांक ठरवून दिलेला आहे, सुमारे ७ कोटी माणसांचा. तो भरला की नवं नाव आत जात नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी दोन वर्षं थांबल्यात, कारण तालुक्याचा इष्टांक भरलेला आहे. कुणाचं तरी खोटं नाव निघेल तेव्हाच त्यांचं खरं नाव लागेल.

आणि ताई, तुमचे भाऊ कोईमतूरला, मग पाच माणसांचं २५ किलो आई एकट्या उचलतात का?

वैदेही_माणगंगा
प्रश्न रास्त आहे, लपवण्यासारखं काही नाही. हो, उचलते. दर दोन महिन्यांनी गहू-तांदळाचं पोतं विट्याहून ट्रॅव्हल्सने भावाकडे जातं. वहिनी म्हणते, तिकडच्या भाकरी-चपातीला गावची चव येत नाही. तो त्यांच्याच वाट्याचा घास आहे. आपल्या वाट्याचं तिथल्या दुकानात घेता येतं हे भावाला माहीतच नव्हतं, दुकानदार दादांचं वाचून आज मी त्याला फोन केला.

केवायसीला माझा विरोध नाही. ७४ वर्षांच्या बाईला ते करायचंय, ती दुकानात उभी आहे, आधार हातात आहे, तरी होत नाही, हे माझं दुखणं आहे.

प्रांजळ_मत
पटलं. विचारलं ते बरं केलं असं वाटतंय, कारण माझी समजूत वेगळी होती.

मीरा_अलिबाग
मी पुरवठा शाखेत बावीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. इष्टांकाचा मुद्दा खरा आहे, पण त्याचा भार ठसा न उमटणाऱ्या म्हातारीवर टाकायचा नसतो.

कायदा आधी समजून घ्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्या राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. हा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट मिळतं, म्हणून लोकांना ती मेहेरबानी वाटते. तशी ती नाही.

आता तुमचं प्रकरण. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही. अशा लोकांची वेगळी नोंदवही ठेवून धान्य द्यायचं. त्याच्या आधीच्या महिन्यात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी गेली होती. आधार जोडलं नाही म्हणून रेशन बंद झालं, पोरगी भुकेने गेली, असं घरचे म्हणत होते. प्रशासनाने ते नाकारलं. ते पत्र आमच्या टेबलावर आलं तो दिवस मला आठवतो. मी त्याची झेरॉक्स काढून फळ्याला लावली होती.

म्हणून आईच्या नावाने साध्या कागदावर अर्ज करा : 'बोटांचे ठसे उमटत नाहीत, केवायसीचा प्रयत्न अमुक तारखेला केला, पर्यायी पद्धतीने करून द्यावे, तोवर धान्य बंद करू नये.' तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. स्वतः जाता येत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, तीही पोचच. फोन लागो न लागो, कागद बोलतो. तिथेही दाद लागली नाही तर याच कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग.

गोदाकाठ
मीराताई, ही पोच घेण्याची गोष्ट लोकांना कुणी सांगतच नाही हो.

पोस्टातला_माणूस
ओटीपीच्या प्रश्नावर सांगतो. आधारचा मोबाईल नंबर बदलायला तालुक्याला जायलाच पाहिजे असं नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन २०२१ पासून घरी येऊन नंबर बदलून देतात. गावच्या पोस्टात जाऊन सांगा, नाहीतर पोस्टमनच्या कानावर घाला. फी ठरलेली आहे, पावती मागा. आधारसंबंधी काही अडलं तर १९४७ ला फोन करा.

मोबाईल मात्र असा द्या जो आईंच्या हातात असतो. लोक मुलाचा नंबर देतात, मुलगा मुंबईत ड्यूटीवर, ओटीपी त्याच्या खिशात आणि आई दुकानाच्या रांगेत. हे रोज बघतो.

चिंचेचं_झाड
हे अगदी आमच्याकडे झालं! सासूबाईंचा ओटीपी नवऱ्याला यायचा आणि तो रात्रपाळी करून झोपलेला.

ॲपचा अनुभव : सासूबाईंना सांगितलं, डोळे मिचकावा. त्या एकच डोळा मिचकावायला लागल्या, आणि सगळी पोरं हसायला लागली की त्याही हसायच्या, की चेहरा हलायचा. पाचव्यांदा झालं. 'डोळे मिटा, उघडा' असं सांगा, मिचकावा म्हणू नका.

ओहायोची_सुमती
धाग्याला थोडं वेगळं वळण लागेल, पण विषय तोच आहे. मी अमेरिकेत असते आणि शनिवारी एका अन्नवाटप केंद्रावर सेवा करते. इथे सरकारी अन्नमदतीला 'स्नॅप' म्हणतात. २००८ पर्यंत त्याला फूड स्टॅम्प म्हणायचे, लोक अजून तेच म्हणतात. पैसे दर महिन्याला एका कार्डावर येतात आणि दुकानात फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी चालतात. पण ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. अर्ज, कागदपत्रं आणि मुलाखत. ती मुलाखत आता बहुतेक ठिकाणी फोनवर होते.

आमच्या केंद्रावर येणाऱ्या एका आजींसोबत मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. फोन स्पीकरवर, समोर वीजबिल, घरभाड्याची पावती, औषधांची बिलं. तेच ते संगीत दीड तास वाजत होतं. आजी म्हणाल्या, "बाथरूमला जाऊ का? तेवढ्यात उचलला तर?" मी म्हटलं, जा, मी बसलेय. त्यांच्या फोनमध्ये मिनिटं मोजून मिळतात, ती अशी संपतात. त्या दिवशी माणूस फोनवर आला नाहीच. दुसऱ्या दिवशी आला आणि बारा मिनिटांत काम झालं.

मुलाखत चुकली तर अर्ज फेटाळला जातो. मिसूरी राज्यात याच गोष्टीवरून २०२२ मध्ये लोक फेडरल कोर्टात गेले, आणि मे २०२४ मध्ये निकाल लागला की फोन लागत नसल्यामुळे मुलाखत होऊ शकली नाही म्हणून अर्ज फेटाळणं कायद्याला धरून नाही. वैदेही, तुमचं जिन्यात उभं राहणं वाचलं आणि त्या आजी आठवल्या.

कोरडवाहू
म्हणजे तिकडेही तेच. मला वाटायचं, तिथे एक बटण दाबलं की काम होत असेल.

मीरा_अलिबाग
सुमती, हा निकाल मला माहीत नव्हता. कार्यालयाचा फोन लागला नाही तर चूक कार्यालयाची, अर्जदाराची नव्हे. मी नोकरीत असताना हे असं ठणकावून सांगायला मला वरून आधार मिळाला असता तर किती बरं झालं असतं.

दादासाहेब_७२
अमेरिकेचा विषय निघाला म्हणून. १९७२ च्या दुष्काळात मी आठवीत होतो, माण तालुक्यात. रेशनला मिलो मिळायची, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापताना चिरा पडायच्या, आणि गार झाली की दाताला लागायची. आई पाटाच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. तेव्हा अंगठा लागायचा तो शाईचा, कागदावर. मशीन नव्हतं, पण मुकादम ओळखायचा माणसाला.

मिलोला नावं ठेवणारे खूप. आम्ही जगलो तिच्यावर, एवढं खरं.

तांबडं_फुटलं
दादासाहेब, या आठवणींवर वेगळा धागा काढा. माझी आजी मिलोचं नाव काढलं की गप्प व्हायची.

सरमिसळ
मूळ विषयाकडे. हे केवायसी एकदाच करायचं की दर वर्षी?

दुकानदार_खानदेश
केंद्राने २०२५ मध्ये नियंत्रण आदेशात बदल केलाय, त्याप्रमाणे दर पाच वर्षांनी. पाच वर्षांखालच्या मुलांना आत्ता नाही. पाच पूर्ण झाल्यावर एका वर्षात करायचं. मुलाच्या आधारचे ठसे आणि डोळे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात, ते राहिले असतील तर आधी ते उरका, नाहीतर जुळत नाही. त्याच आदेशात आणखी एक आहे : सहा महिने धान्य उचललंच नाही तर कार्ड तात्पुरतं बंद होतं आणि घरी येऊन चौकशी करून पुन्हा चालू करायचं की नाही ते ठरतं. आजारपणात मुलांकडे जाऊन राहिलेली म्हातारी माणसं यात सापडतात. जिथे असाल तिथे एखाद्या महिन्याचं तरी घ्या.

वैदेही_माणगंगा
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

भाऊ आणि वहिनीचं ॲपवर एका संध्याकाळी झालं. धाकटा भाचा चार वर्षांचा, त्याचं आत्ता लागत नाही. थोरला नऊचा. त्याचे पाचव्या वर्षीचे ठसे द्यायचे राहिले होते, ते कोईमतूरच्या आधार केंद्रात देऊन आले, अजून नोंद चढायची आहे.

१९६७ तिसऱ्या प्रयत्नात लागला. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. मीराताई, तुमच्या मजकुराचा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला, पोचपावती माझ्याकडे आली.

आणि आई. पोस्टमन घरी आला. मशीनवर उजव्या हाताची पाचही बोटं फुकट गेली, डाव्याचा अंगठाही उमटला नाही. दुकानदार दादा, डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने उमटला! आईच्या साध्या फोनचा नंबर आधारला लागला. दोन दिवसांनी शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर ॲप उघडलं. घरात अंधारामुळे चेहरा घेईना, म्हणून अंगणात तुळशीपाशी खुर्ची टाकली. ओटीपी आईच्या फोनवर आला, तिने चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचला. 'डोळे मिटा, उघडा' असंच सांगितलं (चिंचेचं झाड, आभार). दुसऱ्या खेपेला झालं. स्टेटसपुढे 'वाय' (म्हणजे झालं) आलं.

मी फोनवर होते. आई पोरीला विचारत होती, "वळखलं का गं मला?"

दुकानदार_खानदेश
वा! थोरल्या भाच्याची नोंद चढली की लगेच ॲपवर करा, विसरू नका. आणि पुढच्या महिन्यात आईंना दुकानात धान्य घ्यायला तेच बोट लावायला सांगा. डावा हात, करंगळीच्या शेजारचं. दुकानदारालाही सांगून ठेवा.

वैदेही_माणगंगा
त्या बोटाला तिने मेंदीचा ठिपका लावून ठेवलाय, विसरायला नको म्हणून.

नवी_सभासद_लातूर
नमस्कार, पूर्ण धागा वाचला. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झालाय, डावी बाजू गेली आहे, डोळ्यांची उघडझाप नीट होत नाही. दुकानात नेता येत नाही. त्यांचं कसं करता येईल?

मीरा_अलिबाग
ताई, अर्ज तोच, त्यात अंथरुणाला खिळलेले असल्याचं लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा. घरी येऊन करून द्यावं अशी मागणी करा, पोच घ्या. तालुका कुठला? व्यक्तिगत संदेशात कळवा, मसुदा मी लिहून देते.